लष्करची महांकाली: एका डोलीवाल्याचा नवस

भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. संकटात सापडून देवाला हाक मारतो तो आर्त. चौघांत ज्ञानी श्रेष्ठ ठरवला असला, तरी गीतेने चौघांनाही उदारच म्हटले आहे. नारदाच्या भक्तिसूत्रांनी मात्र आर्ताची भक्ती गौण भक्तीच्या खात्यात टाकली. पुढच्या टीकाकारांनीही तिच्यावर फारशी शाई खर्च केली नाही. गजेंद्राचा आणि द्रौपदीचा दाखला द्यायचा आणि ज्ञानी भक्ताकडे वळायचे, अशीच त्यांची रीत राहिली. लोकांच्या प्रत्यक्ष धर्मजीवनात उलटे घडत आले आहे. गावोगावच्या कितीतरी जत्रांच्या मुळाशी कुणा आर्ताची हाक असते, फक्त ती मारणाऱ्याचे नाव सहसा उरत नाही. सिकंदराबाद याला अपवाद आहे. तिथल्या उज्जयिनी महांकालीच्या देवळामागे एका माणसाचा नवस आहे आणि त्याचे नाव परंपरेने जपून ठेवले आहे. सुरिटी अप्पय्या हा राजा नव्हता, संत नव्हता, पुरोहितही नव्हता. तो फौजेतला डोलीवाला होता.

त्याची गोष्ट कळायला सिकंदराबाद कसे वसले ते पाहावे लागते, आणि त्याचा एक धागा मराठी मुलखातून निघतो. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामअलीचा पाडाव केला. इंग्रज त्या वेळी तटस्थ राहिले. निजामाला ते लागले. त्याने इंग्रजी पलटणींना निरोप दिला आणि फ्रेंच सेनानी रेमाँ याच्या हाताखालची कवायती फौज वाढवली. पण मार्च १७९८ मध्ये रेमाँ मरण पावला, आणि त्याच साली लॉर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला येऊन दाखल झाला. फ्रेंचांचे पाय हिंदुस्थानातून उखडायचे हे त्याने येतानाच ठरवले होते. सप्टेंबर १७९८ मध्ये निजामाशी तैनाती फौजेचा तह झाला आणि ऑक्टोबरात रेझिडेंट जेम्स किर्कपॅट्रिक याने फ्रेंच फौज लढाई न होता निःशस्त्र केली. कंपनीच्या सहा पलटणी हैदराबादला कायमच्या मुक्कामी आल्या. १८०० च्या दुसऱ्या तहात फौज आणखी वाढली, आणि तिच्या खर्चापोटी निजामाने बल्लारी-कडप्पाकडचा मुलूख कंपनीला तोडून दिला.

या फौजेची छावणी हुसेनसागर तलावापलीकडे, ईशान्येच्या मोकळ्या माळावर पडली. १८०३ मध्ये सिकंदरजाह गादीवर बसला आणि १८०६ मध्ये छावणीला त्याच्या नावाने सिकंदराबाद म्हणू लागले. बोलण्यात मात्र ती ‘लष्कर’च राहिली. आजही जुनी माणसे ‘लष्करला जातो’ म्हणतात, आणि तिथल्या उत्सवाचे नाव ‘लष्कर बोनालु’ असेच आहे.

हैदराबाद आणि लष्कर यांच्यामध्ये नुसता एक तलाव होता, पण दोन्हींची घडण अगदी वेगळी होती. गोळकोंडा आणि हैदराबाद इथे भक्तीची जुनी पेठ होती. सतराव्या शतकात गोपन्ना नावाच्या महसुली अधिकाऱ्याने सरकारी वसुलीच्या पैशातून गोदाकाठी भद्राचलमला रामाचे देऊळ बांधले आणि त्यापायी गोळकोंड्याच्या तुरुंगात वर्षानुवर्षे काढली. तेलुगू जग त्याला रामदासु म्हणून ओळखते. त्याच शतकात भागानगरात, म्हणजे हैदराबादेतच, मराठी कवी केशवस्वामी भागानगरकर राहत होते. समर्थ रामदासांच्या पंचायतनात त्यांची गणना होते. लष्करच्या माळावर असे काहीच नव्हते. तिथे आलेली माणसे मद्रास फौजेबरोबर तमिळ आणि तेलुगू मुलखातून आलेली: शिपाई, त्यांचे कुटुंबकबिले, बाजारबुणगे, दुकानदार, धोबी, भिस्ती, घोड्यांचे मोतद्दार. प्रत्येकाचा कुळदेव मागे कुठल्यातरी गावात राहिलेला. दख्खनच्या गावाला वेस असते आणि वेशीवर राखण करणारी आई असते. छावणीला चौकी-पहारे होते, पण असली वेस नव्हती. पुढे जे घडले त्याचे निम्मे कारण इथेच सापडते.

डोलीवाले हे छावणीतले सगळ्यात खालच्या फळीचे नोकर. डोली म्हणजे दांडीला टांगलेली, कापडाने झाकलेली झोळीवजा खाट. तेलुगू मुलखात बोयी आणि मराठी मुलखात भोई जमातीची माणसे पिढ्यानपिढ्या पालख्या-मेणे वाहत आली होती. फौजेने त्यांनाच कामाला घेतले. जखमी किंवा आजारी शिपाई खांद्यावर घेऊन दवाखान्याच्या तंबूपर्यंत आणायचा, कूच असले तर मजल-दरमजल वाहायचा. हाती शस्त्र नाही, नाव हजेरीपटापलीकडे कुठे नाही. साथीच्या दिवसांत मात्र रोग्याच्या सगळ्यात जवळ डोलीवालाच असायचा.

साथ पटकीची. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी गेलेला, असा हा रोग होता. जुलाब आणि उलट्यांनी अंगातले पाणी संपून माणूस आटायचा. पावसाळ्याच्या तोंडाला माळावरची घाण पहिल्या सरींबरोबर विहिरी-आडांत उतरे आणि त्याच पाण्यातून रोग पसरे, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हते. गोऱ्या डॉक्टरांना दूषित हवेचा संशय होता. रक्त काढणे, पाऱ्याचे औषध आणि अफू एवढेच त्यांच्या हाती होते, आणि पाणी संपत चाललेल्या रोग्याचे रक्त काढणे म्हणजे मरणाला मदतच. तेव्हा शहाण्यांकडे उपाय होता आणि अडाण्यांनी देवीचा धावा केला, अशी मांडणी इथे लागू पडत नाही. दोघेही सारखेच अंधारात होते. देवीच्या उपचारांत निदान रक्त काढणे नव्हते.

गावांकडे साथीवरचा एक ठरलेला विधी होता. महाराष्ट्रात तो मरीआईचा गाडा म्हणून ओळखीचा आहे. साथ आली की देवीची लाकडी प्रतिमा आणि नैवेद्य छोट्या गाड्यावर ठेवून, वाजतगाजत तो गाडा गावाच्या शिवेपलीकडे नेऊन सोडायचा. शेजारचे गाव तो पुढे ढकलणार, त्यापुढचे आणखी पुढे. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांनी दक्षिणेतल्या ग्रामदेवतांवर पुस्तक लिहिले. त्यात तेलुगू गावांतल्या ज्या विधींची वर्णने आहेत, त्यांतही शिवेला असेच महत्त्व आहे: देवीला तृप्त करायचे, आणि मग तिला सन्मानाने हद्दीबाहेर पोचवायचे. तेलुगू मुलखात अशा देवी कमी नव्हत्या. पोचम्मा देवीच्या रोगाची म्हणजे गोवर-कांजिण्या-देवीची, एल्लम्मा, मैसम्मा, अंकालम्मा, पेद्दम्मा अशा सात बहिणी आणि त्यांचा एक भाऊ पोतराजु. नांदेडच्या सीमाभागात आणि गडचिरोलीतल्या सिरोंचाकडे पोचम्मा मराठी घरांनाही परकी नाही.

लष्करात मात्र गाडा ढकलायचा तरी कुठे? शीवच नव्हती.

देवस्थानाची परंपरा सांगते ती अशी. १८१३ मध्ये जुळ्या शहरांत पटकीने हजारो माणसे नेली. त्याच सुमाराला अप्पय्याची पलटण उज्जैनला गेली होती. घरच्या बातम्या तिथे पोचल्या. अप्पय्या आणि त्याचे सोबती उज्जैनच्या महांकालीच्या देवळात गेले आणि त्यांनी नवस बोलला: आमच्या गावची माणसे या रोगातून वाचली, तर तुझी मूर्ती तिकडे नेऊन स्थापन करू. साथ ओसरली. १८१५ मध्ये पलटण परतली तेव्हा अप्पय्याने लाकडी मूर्ती घडवून लष्करात बसवली. देवीच्या नावामागे उज्जयिनी लागले ते तेव्हापासून.

नवसाची ही भाषा मराठी कानांना चांगली ओळखीची आहे, पण तिच्यातला एक बारकावा वेगळा आहे. अप्पय्याने स्वतःसाठी काही मागितले नाही. तो रोगापासून शेकडो मैल दूर होता. मागणे होते ते मागे राहिलेल्या माणसांसाठी, आणि फेड म्हणून देऊ केले ते देवीला घर. साथ घालवण्यासाठी गावे देवीला शिवेबाहेर पोचवत होती. या डोलीवाल्याने तिला दुरून आणून वस्तीच्या मधोमध बसवले. ज्या छावणीला ग्रामदेवता नव्हती तिला ती अशी मिळाली. नवसाकडे देवाणघेवाण म्हणून पाहणाऱ्या टीकाकारांच्या नजरेतून नेमके हेच निसटते. नवस फेडल्यावर व्यवहार संपायला हवा होता; इथे नवस फिटल्यावरच नाते सुरू झाले.

अप्पय्याने पाहिलेले उज्जैन हे मराठ्यांचे उज्जैन होते. अठराव्या शतकात शहर शिंद्यांकडे आले. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालेश्वराचे देऊळ पुन्हा उभे केले. हरसिद्धीच्या देवळापुढे आजही मराठी धाटणीच्या दोन उंच दीपमाळा आहेत, जेजुरी-तुळजापूरकडच्या माणसाला घरची आठवण यावी अशा. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी आपला मुक्काम ग्वाल्हेरला हलवला आणि तिथे त्यांच्या तळाभोवती जे शहर वाढले, त्यालाही लष्करच म्हणतात. तळ हलला तरी क्षेत्राची ये-जा थांबली नाही. क्षिप्रेच्या घाटांवर आणि महाकालाच्या आवारात देशभरचे यात्रेकरू पूर्वीसारखेच येत राहिले, आणि त्यांतच दख्खनमधून आलेले हे डोलीवालेही होते.

सालांबद्दल थोडे सांगायला हवे. पटकीची पहिली जगव्यापी साथ १८१७ मध्ये बंगालमधल्या जेसोरहून निघाली आणि १८१८ मध्ये मुंबईपर्यंत पोचली, असा वैद्यकीय इतिहास आहे. डिसेंबर १८१७ मध्ये उज्जैनच्या उत्तरेला, क्षिप्रेच्याच काठी, महिदपूरला होळकरांच्या फौजेशी इंग्रजांची मोठी लढाई झाली. तीत हैदराबादची रसेल ब्रिगेडही होती, आणि ही ब्रिगेड रेझिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमाराला उभी केली होती. साथ, उज्जैन आणि हैदराबादची फौज ही तिन्ही कागदोपत्री एकत्र येतात ती १८१७-१८ मध्ये. म्हणून परंपरेचे साल खोटे ठरत नाही, कारण स्थानिक साथी त्याआधीही येतच होत्या. त्याचा निकाल जाणकारांनी लावावा. एवढे मात्र दिसते की डोलीवाल्याची गोष्ट हवेतली नाही. त्या दशकात फौजा आणि रोग याच वाटांनी फिरत होते, आणि बहुतेक वेळा बरोबरच फिरत होते.

लाकडी मूर्ती जवळजवळ पन्नास वर्षे राहिली. १८६४ मध्ये तिच्या जागी दगडी मूर्ती बसवण्यात आली. देवळाचे काम चालू असताना जवळच्या जुन्या विहिरीत माणिक्यालम्मा देवीची मूर्ती सापडली आणि तीही महांकालीशेजारी बसवली, असे सांगतात. उज्जैनहून आलेली देवी आणि इथल्याच पाण्यातून निघालेली देवी एकाच गाभाऱ्यात आल्या. दूरच्या क्षेत्राची महती आणि इथल्या मातीचा हक्क असे दोन्ही देवळाला लाभले. तोवर लष्करही छावणीपुरते उरले नव्हते. १८७४ मध्ये वाडीहून आगगाडी आली, जनरल बाजार भरभराटला आणि व्यापारी, कारकून, रेल्वेचे कामगार अशी नवी वस्ती देवळाभोवती दाटली. अप्पय्यासारख्यांनी सुरू केलेल्या उत्सवात आता पेठेचा पैसा आणि पेठेचा मान आला.

उत्सव आषाढातला. आंध्र-तेलंगणातही महिना अमावास्येला संपत असल्यामुळे तिकडचा आषाढ तो महाराष्ट्रातलाच आषाढ. पंढरीच्या वाटेवर दिंड्या चालू असतात तेव्हा गोळकोंडा किल्ल्यातल्या जगदंबेपासून बोनालुची सुरुवात होते, मग पाळी लष्करची आणि नंतर जुन्या शहरातल्या लाल दरवाजाची. महाराष्ट्रातही गावाकडे याच महिन्यात आखाड होतो: मंगळवारी-शुक्रवारी मरीआईला नैवेद्य, कोंबडे, नव्या सुनेची माहेरी पाठवणी. तेलंगणात असे मानतात की आषाढात देवीच माहेरी येते. साथीच्या महिन्याला माहेरपणाचा महिना करून टाकणे ही लोकांची करामत आहे. जिच्या कोपाने घरे ओस पडत, तिला लेक मानून जेवू घालायचे. शास्त्राच्या भाषेत आर्तभक्तीचे वात्सल्यात रूपांतर म्हणता येईल, पण हे रूपांतर कुठल्या आचार्याने घडवलेले नाही.

बोनम म्हणजे देवीसाठी शिजवलेल्या अन्नाचे भांडे. रविवारी पहाटे घरातली बाई न्हाऊन नव्या मडक्यात किंवा पितळी घागरीत तांदूळ शिजवते. दूध आणि गूळ घालून गोडा भात करते. मडक्याला बाहेरून हळद फासतात, कुंकवाचे आणि चुन्याचे पट्टे ओढतात, गळ्याशी कडुनिंबाचे डहाळे बांधतात. तोंडावर झाकण आणि झाकणावर तेवता दिवा. हे डोक्यावर घेऊन, काठापदराची साडी नेसून, ती डप्पू या वाद्याच्या तालावर देवळाकडे निघते. वाटेत शेजारणी तिच्या पायांवर पाणी घालतात, कारण त्या वेळेपुरती देवी तिच्यावर आहे अशी समजूत असते. देवळात हळद, गूळ आणि कडुनिंब कालवलेल्या पाण्याची ‘साक’ ओततात, बांगड्या आणि साडी वाहतात. नवस असेल तर कागद-बांबूचे रंगीत पाळणे, तोट्टेलु, बांधतात. उरलेला भात घरी येतो आणि सगळे मिळून खातात. या सगळ्यात पुजाऱ्याचे काम अगदी थोडे. स्वयंपाक बाईचा, वाहणे बाईचे, आणि देवीचा संचारही बहुधा तिच्याच अंगात.

बोनालुच्या पंधरवडाभर आधी घटम निघतो. तांब्याच्या घागरीवर देवीचा मुखवटा सजवून ती वस्तीवस्तीतून फिरवतात आणि शेवटी तिचे विसर्जन करतात. त्याच्यापुढे पोतराजु: उघडे अंग हळदीने माखलेले, लाल धोतर कसून नेसलेले, पायांत घुंगरू, कमरेला निंबाचा पाला आणि हातात आसूड. मराठी वाचकाला हा चेहरा अनोळखी वाटायचे कारण नाही. कडकलक्ष्मीबरोबर दारोदार फिरून अंगावर आसूड ओढून घेणारा पोतराज तो हाच. फरक पडला तो दोघांच्या नशिबात. महाराष्ट्रात पोतराजपण आणि मरीआईची कामे अस्पृश्य जातींच्या गळ्यात बांधली गेली होती. त्यात भीक होती आणि अपमान होता. आंबेडकरी चळवळीने, विशेषतः १९५६ च्या धर्मांतरानंतर, ती झुगारून दिली आणि ते योग्यच झाले. हैदराबादेत तोच पोतराजु व्यायामशाळेत अंग कमावलेल्या पोरांचा मानाचा वेष झाला. एकाच देवीच्या भावाला एकीकडे गुलामीची खूण म्हणून सोडावे लागले आणि दुसरीकडे त्याच्याबरोबर फोटो काढून घ्यायला गर्दी लोटते.

रविवारच्या दुसऱ्या दिवशी रंगम. गाभाऱ्यासमोर कच्च्या, न भाजलेल्या मडक्यावर एक स्त्री अनवाणी उभी राहते. चेहऱ्याला हळद, कपाळाला कुंकू, नजर देवीकडे. पाऊस कसा पडेल, पीक कसे येईल, रोगराई येईल का, असे प्रश्न पुजारी विचारतो आणि ती देवीच्या वतीने तेलुगूत उत्तरे देते. बहुतेक उत्तरांत आधी तक्रार असते, माझ्याकडे दुर्लक्ष झाले, माझी सेवा नीट झाली नाही अशी, आणि मग अभय. या विधीच्या कडेला एक काळी बाजूही आहे. तेलंगणाच्या खेड्यांत मुली देवीला वाहण्याची जोगिणी प्रथा होती आणि तिचा शेवट बहुधा शोषणात होई; १९८८ मध्ये आंध्र प्रदेशाने ती कायद्याने बंद केली. रंगमच्या बाईचा मान आणि जोगिणीची फरपट एकाच श्रद्धेतून निघाली, हे मान्य करायला उत्सवाचे कौतुक करणाऱ्यांची जीभ अनेकदा अडखळते.

संतांचे या साऱ्याबद्दल काय मत होते? वारकरी संतांनी नवससायासावर आणि शेंदूर फासलेल्या क्षुद्र देवतांवर कडक टीका केली. तुकोबांचे या बाबतीतले बोल प्रसिद्धच आहेत. त्यांचा रोख भीतीवर होता. भीतीने केलेली पूजा त्यांच्या लेखी भक्ती नव्हती. एकनाथांनी मात्र वेगळी वाट धरली. देवीचा जोगवा आणि गोंधळ त्यांनी भारुडांत घेतला आणि मागणे बदलून टाकले: मागायचे ते विवेक, वैराग्य, सत्संग. लष्करच्या देवीपुढे असा कुणी कवी उभा राहिला नाही. तिथे बदल झाला तो कृतीतून, वर्षामागून वर्षे तोच भात शिजवत.

देवी आली तेव्हा अंधार होता, तो पुढे फिटत गेला, थोडा याच गावातही. पटकीचा जंतू पाण्यातून पसरतो हे रॉबर्ट कॉख याने १८८४ मध्ये कलकत्त्यात दाखवले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादच्या बेगमपेठेत रोनाल्ड रॉस याला डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी सापडले आणि त्या शोधाला १९०२ मध्ये नोबेल मिळाले. तरी बोनालु ओसरले नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला पूर आला आणि हैदराबादेत हजारो माणसे बुडाली. निजाम मीर महबूब अली खान यांनी नदीकाठी जाऊन देवीची ओटी भरली, अशी आठवण जुन्या शहरात सांगतात. पुढच्याच वर्षी विश्वेश्वरय्यांना पाचारण झाले आणि त्यांच्या योजनेतून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव झाले. एकाच राजवटीने ओटीही भरली आणि धरणेही बांधली. लोकांना यात विसंगती दिसली नाही. रोगाचे कारण कळल्याने देवीची एक गरज संपली, पण तोवर ती गरजेपुरती उरलीच नव्हती.

१९४५ मध्ये इंग्रजांनी सिकंदराबादचा नागरी भाग निजामाला परत दिला. १९५० मध्ये हैदराबाद राज्यात देवळांतल्या पशुबळीला बंदी करणारा कायदा झाला. रेडे-बकऱ्यांच्या जागी देवीपुढे कोहळे फुटू लागले. कोंबडे-बकरे मात्र घरी, पंगतीसाठी, पूर्वीसारखेच कापले जातात. देवस्थान सरकारी देवादाय खात्याच्या कारभारात गेले. वैदिक मंत्र, अभिषेक आणि रांगेच्या पावत्या आल्या; बोयी, गोल्ला, मुदिराज आणि मादिगा घरांचा उत्सव हळूहळू साऱ्या शहराचा झाला. यात कमावले काय आणि गमावले काय, याचा हिशोब सरळ नाही. मान वाढला. विधी ज्या जातींनी सांभाळला त्यांचा शब्द मात्र देवळाच्या कारभारात तितका वाढलेला दिसत नाही.

जून २०१४ मध्ये तेलंगणा वेगळे राज्य झाले आणि त्याच वर्षी बोनालुला राज्योत्सवाचा दर्जा मिळाला. नव्या राज्याला किनारी आंध्रपासून आपले वेगळेपण सांगायला खूण हवी होती. बतुकम्मा आणि बोनालु या दोन्ही बायकांच्या, बहुजनांच्या उत्सवांत ती सापडली. तेव्हापासून सरकारच्या वतीने देवीला रेशमी वस्त्रे येतात, आणि रंगमची भविष्यवाणी दूरचित्रवाणीवरून घरोघर ऐकली जाते. २०२० च्या आषाढात कोरोनामुळे देवळाची दारे भाविकांना बंद राहिली. पुजाऱ्यांनी आतले विधी उरकले आणि बायकांनी घरच्या देव्हाऱ्यापुढे बोनम ठेवले. साथीतून जन्मलेला उत्सव साथीसाठी थांबला, आणि या वेळी कारण सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे फारशी कुरकुर झाली नाही. निर्बंध उठल्यावर मिरवणुका पूर्वीसारख्या सुरू झाल्या. रविवारी बोनम, सोमवारी रंगम आणि त्यानंतर घटाचे विसर्जन झाले की लष्करची पाळी संपते आणि पुढचा रविवार लाल दरवाजाचा असतो.